आधी वेळ, मग उंची, मग राख

(धुळे येथे हौशी हवामान-निरीक्षकांच्या मेळाव्यात झालेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. पत्रिकेवर विषय छापलाय, ‘ज्वालामुखीच्या राखेचा ढग घरबसल्या कसा पाहावा’. ते सांगायचंच आहे. पण आधी एक तक्रार मांडतो, कारण ती ऐकून घ्यायला याहून योग्य माणसं खानदेशात मिळायची नाहीत.

ज्वालामुखी म्हणजे काय, हे या सभागृहात समजावत बसायची गरज नाही. लळिंगच्या डोंगराचे एकावर एक चढलेले थर तुम्ही रोज हायवेवरून पाहता. साक्री-नंदुरबारकडच्या रानात सरळ रेषेत धावणाऱ्या काळ्या दगडी भिंती, म्हणजे डाइक, तुमच्यापैकी काहींनी पायी चालून मोजल्या आहेत. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भेगांमध्ये थिजलेला शिलारस तो. आपली केळी आणि कपाशी ज्या काळ्या मातीत उभी आहे, ती याच दगडाची. त्यामुळे जगात कुठं डोंगर फुटला की खानदेशी माणूस मोबाइल उघडून बसतो, हे साहजिकच आहे. अडचण एवढीच, की आपण डोंगर पाहतो आणि घड्याळ पाहत नाही.

२३ नोव्हेंबर २०२५, रविवार. इथिओपियाच्या अफार भागात, एर्टा आले ज्वालामुखीच्या शेजारचा हायली गुब्बी हा ज्वालामुखी फुटला. त्याच्या उद्रेकाची इतिहासात नोंद नव्हती. राख आणि सल्फर डायऑक्साइड १४ किलोमीटरच्या आसपास चढले, तांबडा समुद्र ओलांडून येमेन, ओमान, मग अरबी समुद्र, आणि सोमवारी रात्री गुजरात-राजस्थानवरून दिल्ली. विमानं रद्द झाली, त्या पट्ट्यातून उडालेल्या विमानांची तपासणी झाली. हे सगळ्यांना माहीत आहे. माझी तक्रार त्या दोन दिवसांत ग्रुपांवर फिरलेल्या चित्रांबद्दल आहे. लाल-गुलाबी नकाशे, बाण, ‘ढग महाराष्ट्राच्या उंबरठ्यावर’. बहुतेक चित्रांवर वेळच नाही! आणि जिथं होती, तिथं ती यूटीसीमध्ये, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं असलेल्या जागतिक प्रमाणवेळेत होती आणि वाचणाऱ्यानं ती आपली समजून पुढं पाठवली. साडेपाच तासांची चूक. ती किती मोठी, ते पाहा.

उद्रेक सुरू झाला साधारण साडेआठ यूटीसीला, म्हणजे आपल्या दुपारी दोनला. दिल्लीवर ढग पोचला दुसऱ्या दिवशी रात्री अकराच्या सुमारास. झाले तेहतीस तास. अफार ते दिल्ली हवाई अंतर सुमारे ४,१०० किलोमीटर. म्हणजे ताशी सव्वाशे किलोमीटर. या वेगानं साडेपाच तासांत ढग जवळपास सातशे किलोमीटर सरकतो. यूटीसीचं चित्र आपल्या वेळेचं समजलात, तर जो ढग त्या वेळी अजून कच्छच्या किनाऱ्यावर आहे तो तुम्हाला जयपूरपर्यंत गेलेला दिसणार. माणूस खोटं बोलत नसतो, चित्रही खरं असतं, आणि तरी निष्कर्ष चुकतो. म्हणून माझं म्हणणं: वेळ नसलेलं चित्र पुढं पाठवायचं नाही. कितीही सुंदर असो.

वेळेवर एवढा भर का, याचं माझं आवडतं उदाहरण टोंगाचं आहे. थोडं सविस्तर सांगतो.

१५ जानेवारी २०२२. प्रशांत महासागरात हुंगा टोंगा-हुंगा हापाई हा समुद्रातला ज्वालामुखी फुटला. मुख्य स्फोट सव्वाचार यूटीसीचा, आपल्याकडे सकाळचे पावणेदहा. त्या धक्क्यानं हवेत जी दाबाची लाट उठली, ती सेकंदाला सुमारे ३१५ मीटरनं साऱ्या पृथ्वीभर पसरली. टोंगा ते जळगाव अंतर साधारण १२,७०० किलोमीटर. भागाकार करा. सव्वाअकरा तास. म्हणजे त्या रात्री नऊच्या सुमारास लाट आपल्या डोक्यावरून गेली. दाबातला फरक एक-दोन हेक्टोपास्कल (हे हवेच्या दाबाचं एकक), तोही काही मिनिटांत. कानाला काही कळणार नाही, अंगाला तर नाहीच. पण दर मिनिटाला नोंद करणारा साधा वायुदाबमापक ते पकडतो, आणि जगभरच्या हौशी माणसांच्या घरच्या उपकरणांनी ते पकडलंही. तीच लाट पृथ्वीच्या दुसऱ्या बाजूनं फिरून, हिशेबानं दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या आसपास, पश्चिमेकडून आपल्यावर परत येते. १८८३ साली क्राकाटोआच्या वेळीही जगभरच्या वायुदाबमापकांवर लाट अशीच येता-जाता अनेकदा नोंदली गेली होती. रॉयल सोसायटीच्या १८८८च्या अहवालात ते आलेख आहेत. तेव्हा ती उपकरणं वेधशाळांकडेच असायची. आज बीएमपी-२८० नावाचा नखाएवढा सेन्सर काही शे रुपयांत मिळतो, आणि बऱ्याच मोबाइलमध्ये वायुदाबाचा सेन्सर बसवलेलाच असतो.

आता यात काय बिघडतं, ते ऐका. पहिलं, तासाला एक नोंद असेल तर लाट हरवते. नोंद मिनिटाची हवी. दुसरं, आपल्याकडे दाब रोज आपोआप वर-खाली होतो, सकाळी दहा आणि रात्री दहाच्या सुमारास जास्त, पहाटे आणि दुपारी चारच्या सुमारास कमी. हा चढउतार तीन-चार हेक्टोपास्कलचा, म्हणजे टोंगाच्या लाटेपेक्षा मोठा. म्हणून आधी तासाभराची सरकती सरासरी वजा करायची, मग उरतो तो आलेख पाहायचा. तिसरं, सेन्सर एसीच्या खोलीत नको. दार आपटलं की दाब उडी मारतो. चौथं, ‘समुद्रसपाटीला आणलेला’, म्हणजे ठिकाणाच्या उंचीचा हिशेब करून बदललेला दाब साठवू नका. त्या गणितात तापमान मिसळतं आणि सकाळचं ऊन लाटेसारखं दिसायला लागतं. उपकरणाचा मूळ आकडा ठेवा. पाचवं, घड्याळ. ते इंटरनेटवरून जुळवलेलं हवं, आणि नोंद यूटीसीत.

घड्याळाचं महत्त्व सांगतो. रावेर ते नवापूर सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर. टोंगाची लाट पूर्वेकडून येताना रावेरला आधी पोचली असणार, नवापूरला सुमारे बारा मिनिटांनी. यात दक्षिणेचं चाळीसगाव जोडा. तीन ठिकाणच्या वेळा हाती असल्या की लाट कुठल्या दिशेनं आली आणि किती वेगानं आली, हे आपलं आपल्याला काढता येतं. एकाचं घड्याळ तीन मिनिटं मागं असलं तर दिशाच फिरते. शेतावरच्या बऱ्याच हवामान केंद्रांत पाऊस, वारा, तापमान, आर्द्रता असते, पण दाब असेलच असं नाही. ज्यांनी केंद्र बसवलंय त्यांनी तो सेन्सर जोडून घ्यावा, ही माझी आजची कळकळीची विनंती. पुढचा मोठा स्फोट कधी होईल हे सांगता येत नाही, म्हणून उपकरण आधीपासून चालू असावं लागतं.

आता उंची. नोव्हेंबरात अनेकांचा प्रश्न होता, केळीच्या पानांवर राख पडेल का? प्रश्न रास्त होता, उत्तर द्यायला हवं. दहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) राखेचा कण सेकंदाला पाऊण सेंटिमीटरच्या आसपास खाली येतो. बारा किलोमीटरवरून, वाटेत पाऊस लागला नाही असं धरलं, तर त्याला अडीच आठवडे लागतील. तोवर तो चीनच्याही पुढं. शंभर मायक्रॉनचा जाड कण मात्र सेकंदाला अर्धा मीटर पडतो, सहा-सात तासांत जमिनीवर. पण तो अफार-येमेनच्या पट्ट्यातच पडून जातो. म्हणजे जे भारतावर आलं ते बारीक होतं आणि उंच होतं. पानाला धोका नाही, दिल्लीच्या जमिनीवरच्या धुरकटपणाशीही त्याचा फारसा संबंध नाही. धोका विमानाला. २४ जून १९८२ला जावाच्या गालुंगगुंग ज्वालामुखीच्या राखेत शिरलेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची ३७ हजार फुटांवर चारही इंजिनं बंद पडली होती. राख इंजिनात वितळून काचेसारखी चिकटते, आणि विमानाच्या हवामान रडारवर ती दिसत नाही, कारण रडार पावसाचे थेंब शोधतं. ते विमान साडेतेरा हजार फुटांपर्यंत घरंगळलं, तिथं इंजिनं पुन्हा सुरू झाली आणि ते जकार्ताला उतरलं.

संयोजकांनी चिठ्ठी दिली, दहा मिनिटं. तर आता मूळ विषय, भरभर. लिहून घ्या.

सुरुवात राख-सूचना पत्रकापासून. विमानांसाठी ही पत्रकं काढणारी जगात नऊ केंद्रं आहेत. अफारसाठी फ्रान्समधलं टुलूज. पत्रकात आधी ज्वालामुखीचं स्थान, मग पाहिलेला ढग, मग सहा, बारा, अठरा तासांनंतरचा अंदाज. शेवटी पुढचं पत्रक कधी. ‘२४/१२०० झेड’ म्हणजे २४ तारीख, १२ यूटीसी, आपले संध्याकाळचे साडेपाच. ‘एफएल ४५०’, म्हणजे फ्लाइट लेव्हल, ४५ हजार फूट. ढगाची सीमा अक्षांश-रेखांशांच्या बिंदूंनी दिलेली असते, ते नकाशावर टाकून हातानं जोडा. पाहिलेला बहुभुज एका रंगात, अंदाजाचा दुसऱ्या. हे दोन मिसळले की अफवा तयार होते.

मग उपग्रह. आपल्यासाठी हिंदी महासागरावरचा मेटिओसॅट, ४५.५ अंश पूर्वेवर, दर पंधरा मिनिटांनी चित्र. जपानचा हिमावारी दर दहा मिनिटांनी देतो, पण तो १४०.७ अंशांवर. आपण त्याच्या अगदी कडेला येतो, चित्र ताणलेलं मिळतं. त्यावर खानदेश शोधू नका. मेटिओसॅटच्या राख-चित्रात लाल-गुलाबी म्हणजे राख, हिरवा म्हणजे सल्फर डायऑक्साइड, दोन्ही मिसळले की पिवळा. तत्त्व असं, की राखेतलं सिलिकेट १०.८ मायक्रॉन तरंगलांबीचं अवरक्त (इन्फ्रारेड) प्रारण १२ मायक्रॉनपेक्षा जास्त शोषतं. पाणी आणि बर्फ उलट. म्हणून उपग्रहानं १०.८च्या पट्ट्यात मोजलेलं तापमान वजा १२च्या पट्ट्यातलं तापमान राखेत ऋण येतं. इन्सॅटवर हे दोन्ही पट्टे आहेत, वजाबाकी करता येते. पण सल्फर डायऑक्साइड ओळखणारा ८.७ मायक्रॉनचा पट्टा नाही, म्हणून हिरवा रंग तिथं मिळणार नाही.

फसायच्या जागा तीन. अरबस्तानातली वाळवंटी धूळसुद्धा गुलाबीच दिसते. म्हणून चित्रं उलटी चालवत ज्वालामुखीपर्यंत मागं न्या. डाग तिथून निघालेला नसेल तर सोडून द्या. दुसरी, ढग फार दाट असला किंवा राखेवर बर्फ चढलं की ऋण खूण गायब होते. सुरुवातीच्या तासांत ‘राख दिसत नाही’ म्हणून निश्चिंत होऊ नका. तिसरी, थंड रात्री कोरड्या जमिनीवर खोटी ऋण खूण उमटते. ती जागची हलत नाही, यावरून ओळखा.

वायू वेगळा तपासा. सेंटिनल-५पी हा उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास जातो, त्यावरचं ट्रोपोमी हे उपकरण सल्फर डायऑक्साइड दाखवतं. दिवसातून एकदाच, त्यामुळे मधल्या तासांचं ते काही सांगत नाही. वायू आणि राख वेगळ्या उंचीवर असल्या तर वाटाही वेगळ्या होतात.

उंची काढायला हायस्प्लिट वापरा, म्हणजे एखाद्या उंचीवरची हवा वाऱ्याबरोबर कुठं जाईल ती रेघ काढणारा संगणकी कार्यक्रम. संकेतस्थळावरच चालतं. १३.५ उत्तर, ४०.७ पूर्व, वेळ ०८३० यूटीसी, उंची ३,०००, ६,००० आणि १२,००० मीटर, कालावधी ७२ तास. उंची जमिनीपासून धरली की समुद्रसपाटीपासून, ते खूण करताना बघा. एका स्टँडवरून सुटलेली एक गाडी शिरपूरला, एक मालेगावला, एक चोपड्याला जावी, तशा या तीन रेघा फाकतात. उपग्रहाच्या चित्राशी जी रेघ वेळेसकट जुळते, ती त्या ढगाची उंची. ढगमाथ्याचं तापमान आणि हवामान बलूननं वेगवेगळ्या उंचीवर मोजलेलं तापमान ताडूनही उंची निघते, बलून पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाचचे असतात. पण ती रीत दाट ढगालाच. विरळ ढगातून खालची उबदार जमीन डोकावते आणि उंची कमी निघते. टोंगाला तर ही रीत पार कोलमडली, कारण स्तंभ स्थितांबरही ओलांडून ५७ किलोमीटरवर गेला होता. ती उंची वेगवेगळ्या उपग्रहांच्या तिरप्या नजरांची सांगड घालून काढली गेली.

वहीत रकाने पाच: यूटीसी वेळ, साधन, काय दिसलं, उंची आणि ती कशावरून, तुमचा तर्क. तर्काचा रकाना शेवटचा आणि वेगळ्या शाईत. दिसलं नाही तरी वेळ टाकून ‘दिसलं नाही’ असं लिहायचं.

आणि हो, आपल्या अंदमानातल्या बॅरन बेटाच्या ज्वालामुखीचं पत्रक टुलूजकडे शोधू नका, ते ऑस्ट्रेलियातल्या डार्विनकडून येतं. आता प्रश्न घेऊ. मागच्या ओळीतल्या ताईंचा हात केव्हाचा वर आहे.