नवं नख मुळाकडून येतं

श्रोतेहो, नमस्कार.

भातलावणीच्या दिवसांत पायाच्या बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात. कातडी पांढरी पडते, सोलते, खाज सुटते. पाऊस सरला की खाज थांबते आणि आपण ते विसरून जातो. काही महिन्यांनी अंगठ्याच्या नखाचा एक कोपरा पिवळसर दिसू लागतो. नख जाड होतं, कडेनं उचललं जातं आणि खालून पिठासारखा भुगा निघतो. या दोन गोष्टींचा संबंध आपल्या सहसा लक्षात येत नाही. पण चिखल्या आणि नखाची बुरशी ही बऱ्याचदा एकाच बुरशीची कामं असतात. ट्रायकोफायटॉन रुब्रम हे तिचं नाव. कातडीत आणि नखात केराटिन नावाचं प्रथिन असतं, त्यावर ती जगते. ओल आणि ऊब मिळाली की बेचकीतून नखाच्या टोकाखाली शिरते आणि हळूहळू मुळाकडे सरकते.

मात्र बिघडलेलं प्रत्येक नख बुरशीचं नसतं. अशा नखांपैकी जेमतेम निम्म्यांतच बुरशी सापडते. सोरायसिस या त्वचेच्या आजारात नखं अगदी अशीच दिसू शकतात. घट्ट बुटाचा सततचा दाब किंवा जुना मार यांनीही नख जाड होतं. म्हणून तीन महिन्यांच्या गोळ्या सुरू करण्याआधी तपासणी करून घ्या, असं आम्ही आग्रहानं सांगतो. त्वचारोगतज्ज्ञ नखाखालचा भुगा खरवडून घेतात, तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या द्रावात टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. कल्चर केलं, म्हणजे नमुन्यातली बुरशी प्रयोगशाळेत वाढवून पाहिली, तर निकालाला तीन-चार आठवडे लागू शकतात. नमुना द्यायला जाताना नेलपॉलिश काढलेलं असावं, नख अगदी बारीक कापलेलं नसावं आणि आधी कुठलं मलम लावत असाल तर ते डॉक्टरांना सांगावं. मलम लावलेल्या नखात बुरशी असूनही ती तपासणीत सापडेलच असं नाही.

आता उपचारांकडे येऊ. पायाचं नख महिन्याला साधारण दीड मिलिमीटर वाढतं. अंगठ्याचं अख्खं नख बदलायला बारा ते अठरा महिने लागतात. औषध बुरशी मारतं, पण खराब झालेलं नख परत चांगलं करत नाही. ते पुढे सरकत जाऊन कापलंच जावं लागतं. म्हणून टोकाकडे बघत बसू नका, मुळाकडे बघा. उपचार सुरू करताना चांगलं नख आणि खराब नख जिथे मिळतात, तिथे नेल फाइलनं एक बारीक रेघ ओढून ठेवा. रेघेच्या मागे, मुळाच्या बाजूला, नख स्वच्छ येत राहिलं तर औषध चालतंय. पिवळेपणा रेघ ओलांडून मागे आला तर डॉक्टरांकडे परत जा.

टर्बिनाफिन हे पोटात घ्यायचं औषध बहुधा पहिलं दिलं जातं. मोठ्या माणसाला २५० मिलिग्रॅमची एक गोळी रोज, पायाच्या नखासाठी बारा आठवडे. गोळ्या संपल्या तरी औषध नखात काही महिने टिकतं, त्यामुळे बारा आठवड्यांनी नख अर्धंच सुधारलेलं दिसलं तर घाबरू नका. सुरू करण्याआधी यकृताची रक्ततपासणी हवी. मध्येच लघवी गडद झाली, डोळे पिवळे झाले, भूक मेली किंवा तोंडाची चव गेली तर गोळी थांबवून लगेच डॉक्टरांना दाखवा. दुसरं औषध इट्राकोनाझोल. त्याची कॅप्सूल जेवणानंतर लगेच घ्यायची, आणि सोबत ॲसिडिटीचं औषध घेतलं तर ती अंगी नीट लागत नाही. हृदय कमजोर असलेल्यांना ती चालत नाही. कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही तिचं जमत नाही, म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत न्या.

रोग नखाच्या टोकापुरता असेल आणि मुळापर्यंत पोचला नसेल, तर पाच टक्के अमोरोल्फिनचा लेप पुरू शकतो. तो आठवड्यातून एकदा किंवा दोनदा लावतात. आधी नख जमेल तेवढं कापा, फाइलनं वरचा थर घासा, स्पिरिटच्या बोळ्यानं पुसा, मग लेप लावून वाळू द्या. पुढच्या वेळी जुना थर काढूनच नवा लावायचा. हे नऊ ते बारा महिने. आजारी नखाची फाइल चांगल्या नखाला लावायची नाही. न घासता जाड नखावर नुसता लेप चोपडला तर तो आत पोचत नाही. बहुतेकांचे पैसे तिथेच वाया जातात.

मेंदीचंही तसंच. बेचक्यांत मेंदी लावण्याची रीत जुनी आहे, पण नखाखालची बुरशी तिनं जात नाही. उलट नखावर रंग चढतो आणि आतला बदल दिसेनासा होतो. याहून घातक म्हणजे दुकानातून विचारून आणलेली स्टेरॉइड मिसळलेली मलमं. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र पसरत राहते.

नखाबरोबर चिखल्यांवरही उपचार हवेत, नाहीतर बुरशी पुन्हा नखात येते. साधं क्लोट्रिमाझोल मलम दिवसातून दोनदा, कडेची चांगली कातडी धरून, चार आठवडे लावा. खाज थांबली म्हणून सोडू नका. शेतातून आल्यावर पाय धुऊन, पायांसाठी वेगळ्या ठेवलेल्या फडक्यानं प्रत्येक बेचकी टिपा. जांघेतलं गजकर्णही अनेकदा पायाकडूनच येतं, म्हणून कपडे घालताना आधी मोजे, मग अंतर्वस्त्र. कारखान्यात दिवसभर सेफ्टी शूज किंवा गमबूट घालणाऱ्यांनी शक्य तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. ओला जोड सुकायला पूर्ण दिवस लागतो. आत वर्तमानपत्र कोंबून ठेवलं तर ओल लवकर शोषली जाते. घरात नेलकटर प्रत्येकाचा वेगळा असावा.

मधुमेह असलेल्यांनी जाड नख स्वतः ब्लेडनं तासू नये. पायाची संवेदना कमी असू शकते, मग कापलेलं कळत नाही आणि त्या जखमेतून पाय चिघळू शकतो. नखाशेजारी लाली, सूज किंवा पू दिसला तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.