कुत्र्याचा पाय सुजला, तर किती थांबायचं?

मंडळी, कुत्र्याचा पाय सुजला की आपल्याकडे आधी हळदीचा लेप लागतो आणि ‘दोन दिवस बघूया’ असं ठरतं. कधी कधी ते चालूनही जातं. पण बेळगाव जिल्ह्यात खानापूर-जांबोटीकडं किंवा निपाणी भागातल्या उसाच्या शिवारात मोकळं फिरणारं कुत्रं असेल, तर साप चावलेला असू शकतो आणि पहिला तासच मोलाचा असतो. म्हणून सूज केवढी आहे यापेक्षा ती किती वेगानं वर चढते हे बघा. सूज संपते तिथं पेनानं रेघ ओढा, शेजारी वेळ लिहा. सापाचा संशय असेल तर रेघ ओढून लगेच निघा, पुढचं वाटेत दिसेल.

घोणस किंवा फुरसं चावलं तर दातांच्या खुणा केसांत सहसा सापडत नाहीत. कुत्रं पायाला हात लावू देत नाही, कातडी जांभळी पडते, रक्ताळ पाणी झिरपतं. या विषानं रक्त गोठायचं थांबतं, म्हणून चीर देणं फार घातक. दोरी आवळली तर रक्तपुरवठा तुटून पायच सडतो. चालवू नका, उचलून न्या. स्नायू हलले की विष लवकर पसरतं. निघतानाच दवाखान्यात फोन करून प्रतिविष आहे का विचारा, कारण ते सगळीकडं ठेवलेलं नसतं. डॉक्टर साधारण २ मिली रक्त कोरड्या काचेच्या नळीत २० मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही, तर विष रक्तात भिनलंय. आणि कुत्रं लहान म्हणून प्रतिविष कमी लागेल असं धरू नका. सापानं टोचलेलं विष तेवढंच असतं. मण्यार चावल्यावर मात्र सूज जवळजवळ येतच नाही, हेही ध्यानात असू द्या.

साप नसला तरी पाय टेकवतच नसेल, वाकडा दिसत असेल, किंवा गुदद्वारातून घेतलेला ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असेल, तर त्याच दिवशी जा. निरोगी कुत्र्याचा ताप १०० ते १०२.५ असतो; माणसाच्या मापानं मोजू नका. फक्त पंजा सुजला असेल तर बोटांच्या फटीत कुसळ आहे का, केसांखाली तार किंवा रबर रुतलंय का, हे बोटानं चाचपून बघा. तार मांसात गेली असेल तर घरी ओढू नका.

दोन्ही मागचे पाय सुजले आणि अंगठा दाबल्यावर खळगा राहिला, तर दुखणं पायात नाही. हृदय, मूत्रपिंड किंवा यकृत तपासायला हवं. सांधे सुजलेत, ताप आहे, नाकातून रक्त येतंय, तर गोचीडताप असू शकतो. म्हाताऱ्या, थोराड कुत्र्याच्या हाडावर टणक सूज वाढत असेल तर चोळू नका, एक्स-रे काढा. तो हाडाचा कर्करोगही असू शकतो.

खातंय, खेळतंय, पाय टेकतंय, जखम नाही, तरच एक दिवस थांबा. फडक्यात गुंडाळलेला बर्फ १० मिनिटं, दिवसातून तीनदा. घरातली पॅरासिटामॉल, आयब्युप्रोफेन, डायक्लोफिनॅक अजिबात नको: पॅरासिटामॉलनं यकृत बिघडतं, बाकीच्या दोन्हींनी पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडं जातात.

दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, म्हणून उचलण्याआधी मऊ फडक्यानं तोंड बांधा. धाप लागली असेल किंवा उलट्या होत असतील तर मात्र बांधू नका.