मुंबई ते लंडन: नकाशावरची रेघ आणि आकाशातली वाट

मुंबई ते लंडन, हवाई अंतर सुमारे 7,200 किलोमीटर. भिंतीवरच्या सपाट नकाशावर पट्टी ठेवून ही दोन शहरं जोडा. रेघेचा मध्य तुर्कस्तान आणि सीरियाच्या सीमेच्या आसपास येतो.

[दृश्य: टेबलावर पृथ्वीगोल, हातात दोरा]

आता पृथ्वीगोल घ्या. दोऱ्याचं एक टोक मुंबईवर दाबून धरा, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणा. बघा, तो आपसूक उत्तरेला सरकला. बलुचिस्तान, पूर्व इराण, कॅस्पियन समुद्र, आणि निम्म्या वाटेवर थेट जॉर्जियातल्या तिबिलिसीचा परिसर. पुढे काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेन, जर्मनी. पृथ्वी गोल असल्यामुळे सगळ्यात जवळची वाट हीच. ते 7,200 किलोमीटर मोजले जातात ते या दोऱ्यावर.

ताशी 900 किलोमीटर वेग धरला तर हिशेब आठ तासांचा. पण जेट विमानं जिथून उडतात, त्या दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. त्याला जेट स्ट्रीम म्हणतात. हिवाळ्यात त्याचा जोर वाढतो. समजा वाटभर ताशी 100 किलोमीटरचा वारा समोरून आला, तर आठाचे नऊ तास होतात. तोच वारा पाठीशी असेल तर सव्वासात. म्हणून लंडनला जाताना वेळ जास्त लागतो आणि मुंबईला परतताना कमी.

[दृश्य: जुनं, पंख्यांचं विमान]

8 जून 1948 ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं ‘मलबार प्रिन्सेस’ मुंबईहून लंडनला निघालं. चार पंख्यांचं लॉकहीड कॉन्स्टेलेशन. कैरो, जिनिव्हा असे थांबे घेत ते 10 जूनला लंडनला पोचलं. 1960 मध्ये बोइंग 707 आलं आणि वेग जवळपास दुप्पट झाला. यंत्रानं जेवढं जवळ आणायचं, तेवढं बहुतेक तेव्हाच आणलं. आजची विमानंही साधारण त्याच वेगानं उडतात.

[दृश्य: पुन्हा पृथ्वीगोल, दोऱ्यावर दोन लाल खुणा]

आता त्या दोऱ्याकडे परत बघा. युक्रेनचं आकाश फेब्रुवारी 2022 पासून प्रवासी विमानांना बंद झालं. एप्रिल 2025 मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आपली हवाई हद्द बंद केली. वाट मग अरबी समुद्रावरून, आखातावरून वळसा घेते. तिथंही तणाव वाढला की आणखी वळसा. शहरं जागच्या जागी, विमान तेच, तरी प्रवास लांबतो. जादा इंधन न्यावं लागतं, आणि त्याचा खर्च शेवटी तिकिटातच येतो. वाऱ्यापुढे इलाज नाही, पण ही वाढ माणसांनी केलेली आहे, आणि ती जास्त टोचते.

तिकिटावरची वेळ वाचताना आणखी एक. ती विमान जागेवरून हलल्यापासून मुक्कामी उभं राहीपर्यंतची असते. धावपट्टीसाठीची रांग तिच्यात आली, आणि लंडनच्या हीथ्रो विमानतळावर उतरण्याआधी आपली पाळी येईपर्यंत जवळच्या बोव्हिंगडन किंवा लॅम्बोर्न या ठिकाणांवर घातलेल्या घिरट्याही आल्या. शिवाय लंडनचं घड्याळ उन्हाळ्यात आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. आईवडिलांना एकट्यानं पाठवत असाल, तर निघण्या-पोचण्याच्या वेळांची नुसती वजाबाकी करू नका. एकूण प्रवासाचे तास वेगळे दिलेले असतात, ते बघा. आणि विमान कोणत्या देशाच्या कंपनीचं आहे, तेही.