आय सी यू

[काळा पडदा. ऑर्गनचा एक लांब सूर.]

सुटातला एक घोडा बोलायला उभा आहे. बाजूला शवपेटी. पेटीत त्याची आई, असं तो धरून चाललाय, आणि आपणही.

पुढची वीसेक मिनिटं तो एकटाच बोलणार आहे.

14 सप्टेंबर 2018 ला नेटफ्लिक्सवर 'बोजॅक हॉर्समन'चा पाचवा सीझन आला. त्यातला हा सहावा भाग, 'फ्री चुरो'. लिहिलाय मालिकेचा जनक राफेल बॉब-वॅक्सबर्ग यानं, दिग्दर्शन एमी विनफ्री यांचं. ही कार्टून मालिका सिनेनगरीतल्या माणसांची आणि जनावरांची. तिथे दोघं शेजारीपाजारी राहतात, एकमेकांचे एजंट असतात, प्रेमातही पडतात. पहिल्या सीझनमध्ये बोजॅकनं डोंगरावरच्या 'हॉलीवूड'च्या पाटीतला 'ड' चोरला. तेव्हापासून गावाचं नाव 'हॉलीवू'. 

हा बोजॅक म्हणजे नव्वदीतला टीव्ही स्टार. 'हॉर्सिन अराउंड' नावाच्या मालिकेत तीन अनाथ पोरांना वाढवणारा प्रेमळ घोडा. घराघरात लाडका. स्वतःच्या घरी मात्र त्याला कुणी मायेनं जवळ घेतलेलं नाही.

[गाडीच्या काचेतून रस्ता. पुढे बाप, शेजारी लहान बोजॅक.]

भाग सुरू होतो तो बापापासून. पोराला फुटबॉलच्या सरावावरून आणायला बाप उशिरा पोचतो, आणि गाडीत बसल्यापासून स्वतःचंच रडगाणं गातो. पोरगं गप्प. बापाचा आवाज विल आर्नेट या नटाचा, आणि पुढे मोठ्या बोजॅकचाही त्याचाच. म्हणजे अख्ख्या भागात एकच गळा. पैसे वाचवायला केलं असेल असं वाटू शकतं, पण ऐकताना अंगावर काटा येतो. ज्या बापाला पोरगं घाबरायचं, त्याच्यासारखंच ते आता बोलतंय, समोरच्याला एक शब्द बोलू न देता.

ॲनिमेशनवाल्यांच्या हातात काय नसतं? घोडा उडवा, शहर बुडवा, कागदावर फुकट आहे सगळं. इथे त्यांनी एक खोली घेतली आणि एक बोलणारा घोडा. श्रोते शेवटपर्यंत दाखवलेच नाहीत. आपल्याकडच्या एकपात्रीला सरावलेल्या प्रेक्षकाला हे नवीन वाटणार नाही. कार्टूनमध्ये मात्र हा जुगारच होता.

बोजॅक काय बोलतो? आईचं नाव बीॲट्रिस. 1938 ला जन्मली, 2018 ला गेली. एकदा मिरवणूक बघायला गेली होती. एकदा एका दमात आख्खी सिगारेट ओढली होती. झालं, संपली ओळख. शोकसभेत गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलायचं असतं, आणि याच्याकडे चांगलं एवढंच आहे.

मग चुरोची गोष्ट. इकडे येताना तो बर्गरच्या दुकानात थांबला. काउंटरवरच्या मुलीनं विचारलं, आजचा दिवस झकास चाललाय ना? हा म्हणाला, आई गेली. ती मुलगी ढसाढसा रडायला लागली. आता हाच तिची समजूत घालतोय, मागे रांग वाढतेय, आणि रांगेतले सगळे याच्याकडे रागानं बघतायत. शेवटी तिनं खाण्यासोबत एक चुरो फुकट दिला. चुरो म्हणजे तळलेल्या पिठाची, साखर-दालचिनीत घोळवलेली कांडी. त्या एका कांडीत जेवढी माया होती, तेवढी आईनं जन्मभरात दाखवली नाही, असं तो म्हणतो.

बोलता बोलता तो विनोद करतो, ऑर्गनवाल्याकडून साथ मागतो. पेटीतल्या आईला सांगतो, पटत असेल तर टकटक कर. तिथेही नटच. समोर माणसं बसली की याला गप्प बसवत नाही. चांगलं वागणं आपण टीव्हीवरून शिकलो, हे तो स्वतःच कबूल करतो. टीव्हीवर एखादी मोठी कृती केली की सगळं माफ. खऱ्या आयुष्यात रोजच्या रोज चांगलं वागावं लागतं, आणि तिथेच त्याची गाडी अडते.

एक आठवण मात्र तो हळू आवाजात सांगतो. घरी पार्टी असली की आई नाचायची. बाप खोलीतून बाहेर यायचा, फक्त ते बघायला. तेवढ्यापुरती तिघं एक कुटुंब असायची.

[रुग्णालयाची दारं. वर एक पाटी. पाटी अजून वाचता येत नाही.]

आणि शेवटचा क्षण. आई त्याच्याकडे बघून म्हणाली होती, 'आय सी यू.' तू मला दिसतोयस. कोट्यवधी लोकांनी ज्याला पाहिलं, त्याला हे फक्त आईकडूनच ऐकायचं होतं. तो या दोन-तीन शब्दांचा कीस काढतो. त्यात प्रेम होतं का? माफी होती का? निदान ओळख तरी होती ना?

मग बोलता बोलता त्याच्या डोक्यात प्रकाश पडतो.

आय. सी. यू.

हा विनोद मराठीत समजावून सांगायची गरज नाही. आपल्यातल्या प्रत्येकानं त्या तीन अक्षरांखालच्या बाकावर रात्र काढलेली असते. आई पाटी वाचत होती.

2019 मध्ये या भागाला 'एमी' या टीव्ही पुरस्काराचं नामांकन मिळालं, ते जाऊ दे. हा भाग दुसऱ्यांदा बघा. पहिल्यांदा वाटतं, समोरचे न दिसणारे लोक हसत का नाहीत, रडत का नाहीत, इतके गप्प का? आई नकोशी होती म्हणून?

[शवपेटीचं झाकण. घोड्याचा हात.]

शेवटी बोजॅक पेटी उघडतो, आत बघतो, आणि समोर वळतो. तेव्हा कुठे कॅमेरा फिरतो. खुर्च्यांवर ओळीनं बसलेत सरडे. अख्खं कुटुंब. आपल्या माणसाला निरोप द्यायला आलेलं, एका परक्या घोड्याचं वीसेक मिनिटांचं भाषण निमूटपणे ऐकून घेतलेलं.

बोजॅक विचारतो, ''फ्युनरल पार्लर बी हेच ना?''