हायलायटरचं पिवळं पान

बसा बसा, मागे उभे आहेत त्यांनी पुढे या, पुढची रांग नेहमी रिकामीच असते, चावत नाही मी. विषय दिलाय पाठ्यपुस्तक कसं वाचायचं, आणि तुम्ही मनात म्हणताय, लहानपणापासून वाचतोय की, यात काय शिकायचंय. बरं, किती जणांच्या बॅगेत आत्ता हायलायटर आहे? हात वर. तीन रंगांचे? ती बघा, तिने तर अख्खं पाऊच काढलं.

मीही तसलीच. नर्सिंगच्या सेकंड इयरला माझ्या मेडिकल-सर्जिकलच्या पुस्तकात न रंगवलेली ओळ शोधावी लागायची. औषधं गुलाबी, केअर हिरवी, आणि उरलेलं सगळं महत्त्वाचं म्हणून पिवळं. मैत्रिणी झेरॉक्सला मागायच्या, झेरॉक्समध्ये रंग येत नाहीत हे कुणाच्या डोक्यातच यायचं नाही.

तर मॉर्निंग ड्यूटी. हार्ट फेल्युअरचे एक आजोबा, लघवी वाढवणारं फ्युरोसेमाइड चालू, हृदयाची डिगॉक्सिन चालू. मी स्टेथो लावून पूर्ण एक मिनिट ठोके मोजले, ७२ आले, ६० च्या वर म्हणजे डिगॉक्सिन द्यायची, काढली गोळी कपात. इन्चार्ज सिस्टर आल्या, सकाळचा रिपोर्ट बघितला, पोटॅशियम २.९, म्हणजे नॉर्मलच्या ३.५ च्या बरंच खाली, आणि कपावर हात ठेवला. "ही आत्ता का द्यायची नाही, सांग." खरं सांगते, पान जसंच्या तसं डोळ्यासमोर आलं. डावीकडचं पान, खालचा कोपरा, गुलाबी चौकट, बाजूला शाईचा डाग. डाग आठवला, मजकूर काही आठवेना! त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. डॉक्टरांना फोन लावता लावता एवढंच म्हणाल्या, तीन "का" लिहून आण.

पोटॅशियम कमी का झालं? फ्युरोसेमाइडने लघवीवाटे गेलं. मग डिगॉक्सिनचा धोका का वाढला? कारण हृदयाच्या पेशींवरच्या एकाच पंपावर दोघं जागेसाठी भांडतात, पोटॅशियम कमी पडलं की डिगॉक्सिनला मोकळं रान. आणि आजोबांना आज जेवण नको का झालंय? ते बिचारे सकाळपासून सांगत होते, मी "थोडं तरी खा" म्हणून पुढे गेले होते. मळमळ, ठोके चुकणं, सगळं पिवळसर दिसणं, हे डिगॉक्सिनच्या विषबाधेचं. पिवळं तर मलाही दिसत होतं म्हणा, पण ते वेगळ्या कारणाने.

चिठ्ठी आली, पाच मिनिटं राहिली. अरे देवा, मुख्य विषय तर आता सुरू होतोय.

पटकन सांगते. धडा मागून उघडा, शेवटचे प्रश्न आधी वाचा, येणार नाहीत, नकोच यायला. मग मथळ्यांचे प्रश्न करा, हे मानसशास्त्रज्ञ फ्रान्सिस रॉबिन्सनने १९४६ मध्येच सांगितलंय, मी फक्त "का" जास्त विचारते. एक मथळा वाचला की पुस्तक मिटा आणि कोऱ्या कागदावर आठवेल ते लिहा, याचा फार कंटाळा येतो, माहितीये. पण २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी एका गटाला उतारा दोनदा वाचायला दिला, दुसऱ्याला एकदा वाचून आठवून लिहायला लावलं. पाच मिनिटांनी दोनदा वाचणारे पुढे होते, आठवड्याने त्यांना ४२ टक्के आठवलं आणि लिहिणाऱ्यांना ५६. म्हणून परीक्षेच्या आदल्या रात्री परत परत वाचलं की सगळं येतंय असं वाटतं.

आणि तेच पान दोन दिवसांनी, मग आठवड्याने पुन्हा आठवायचं, आणि ज्या पेशंटला आज बघितलं त्याचाच धडा संध्याकाळी, नावाने नाही, बेडनंबरने. बाकी राहूनच गेलं, तक्ते कसे वाचायचे ते तर...

हो, पाऊचवाली, विचार. हायलायटर फेकू का? नको गं, पैसे घातलेस ना. पुस्तक मिटून लिहिलंस आणि जे चुकलं, तेवढंच रंगव.