वासोट्याची वाट

बामणोलीहून लाँच सुटते तेव्हा शिवसागरावर अजून धुकं असतं. खालचं पाणी कोयनेचं. साठच्या दशकात धरण झालं आणि खोरं बुडालं. तास-दीड तासात समोर झाडीची भिंत दिसू लागते. तोच वासोटा किल्ला.

मेट इंदवलीला उतरलं की आधी वनखात्याची तपासणी. सॅक उघडायची. पाण्याच्या बाटल्या, बिस्किटांचे पुडे, वेफर्सची पाकिटं, सगळं मोजून वहीत लिहितात आणि अनामत घेतात. परतताना तेवढंच प्लॅस्टिक दाखवा, पैसे घेऊन जा. वैतागणारे वैतागतात. पण ही पुढची वाट बघा, एक कागद दिसतोय?

ओढा ओलांडला, मारुती-गणपतीला हात जोडले, की ऊन संपतं. दुपारचे बारा वाजलेत हे घड्याळात बघावं लागतं. अंजनी, जांभूळ, हिरडा, सगळ्यांच्या फांद्या वर एकमेकींत गुंतलेल्या. पायाखाली पाचोळा. वरची कोरडी पानं हाताने सारली की खाली ओली, काळी, शिरांची नुसती जाळी उरलेली पानं. त्याखाली माती, गार. पाऊस इथेच मुरतो आणि ओढ्याओढ्याने धरणात उतरतो. वर फांदीत अडकलेलं ते काटक्यांचं गाठोडं म्हणजे शेकरूचं घरटं. एकावर त्याचं भागत नाही, तीन-चार तरी बांधून ठेवतं.

ही कारवी. सात वर्षं नुसती वाढते, एकदाच फुलते, बी टाकते आणि वाळून जाते. तिच्याच काठ्यांचे कूड, त्यावर शेणमातीचा लिंपा, अशी इथली घरं असायची. हे त्यातलंच एक जोतं. १९८५ साली अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. गावं उठली, माणसं लांब जिल्ह्यांत गेली. जोत्याच्या मधोमध आता कारवीच उभी आहे.

दोनेक तासांच्या चढानंतर दरवाजा. आत बिनछपराचा मारुती, वाड्याचे चौथरे, महादेवाचं देऊळ. राजापूरच्या वखारीतले काही इंग्रज महाराजांनी इथेच कैदेत ठेवले होते. जागा बघितली की का ते कळतं. आणि हा बाबूकडा, घोड्याच्या नालेसारखा आत वळलेला. समोरचा डोंगर म्हणजे जुना वासोटा.

गडावर मुक्कामाला परवानगी नाही. रात्र जनावरांची.

खाली टेबलावर पुन्हा सॅक उघडतात. वहीत बाटल्या सात. टेबलावर सहा. आमच्यातला एकजण काही न बोलता ओढ्याकडे परत निघतो.