तीस मिलिलीटर

[दृश्य: पलंगाशेजारचं टेबल. प्लास्टिकचा छोटा पेला. हात.]

हा पेला औषधाचा आहे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर उपडा घातलेला असतो ना, तोच. त्यात ३० मिलिलीटरच्या रेघेपर्यंत पाणी आहे आणि ते संपवायला ताईंना पंधरा मिनिटं लागणार आहेत. एक घोट. थांबायचं. छातीत दाटल्यासारखं वाटत नाही ना, ते बघायचं. मग पुढचा घोट.

वजन उतरवण्यासाठी जठराचं ऑपरेशन होऊन वीस तास झालेत. काल सकाळपर्यंत ताईंच्या जठरात लिटरभर सहज मावत होतं. आज तिथे केळ्याएवढी बारीक नळी उरली आहे.

ताईंनी नाव सांगू नका म्हटलंय. चेहरा दाखवायला त्यांची हरकत नाही.

[दृश्य: आठ महिने आधी. शाळेची दोनशे पानी वही, पानं उलटताना.]

ही वही त्या चौदा वर्षं लिहीत आल्या आहेत. डावीकडे काय केलं ते, उजवीकडे किती किलो गेले, आणि त्याच्यापुढे लाल शाईत किती परत आले. कॅमेरा जवळ नेतोय, वाचता येईल. चौदा गेले, सतरा आले. नऊ गेले, अकरा आले. एका पानावर फक्त तारीख आहे, पुढे काहीच नाही.

वही सुरू झाली तेव्हा वजन ८९ किलो होतं. आम्ही भेटलो तेव्हा ११८. उंची १५८ सेंटिमीटर. म्हणजे बीएमआय, उंचीच्या मानाने वजन मोजायचा आकडा, ४७ च्या पुढे. सोबत मधुमेह, रक्तदाब, आणि रात्री झोपेत श्वास अडकतो म्हणून तोंडावर मास्क लावायचं यंत्र.

या वहीकडे बघून लोक एकच निष्कर्ष काढतात. ताईंचा सख्खा भाऊ आमच्यासमोरच म्हणाला, "अगं, तोंडाला जरा आवर घातलास तर पोट कापायची वेळ येणार नाही." तो वाईट माणूस नाही. त्याला बहिणीची काळजी आहे. पण त्याचं चुकतंय, आणि का चुकतंय ते इथे सविस्तर सांगणार आहोत, कारण हे वाक्य ऐकूनच अनेक जण डॉक्टरांपर्यंत पोचत नाहीत.

[दृश्य: रेखाचित्र. जठर, मेंदू, रक्तप्रवाह.]

जठराच्या वरच्या फुगीर भागात घ्रेलिन नावाचं संप्रेरक, म्हणजे हार्मोन, तयार होतं. १९९९ मध्ये जपानमध्ये कोजिमा आणि कंगावा यांनी ते शोधलं. पोट रिकामं झालं की ते रक्तात वाढतं आणि मेंदूला सांगतं, भूक लागली. उलट्या बाजूने चरबीच्या पेशींतून लेप्टिन येतं. ते सांगतं, साठा पुरेसा आहे. माणूस उपाशी राहून वजन उतरवतो तेव्हा लेप्टिन घसरतं, घ्रेलिन वाढतं, आणि शरीर विश्रांतीत जाळायची ऊर्जाही कमी करतं. दुष्काळ पडलाय असं समजून ते साठा राखायला लागतं.

२०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी दहा आठवडे अत्यंत कमी उष्मांकाचा आहार घेतलेल्या लोकांचं रक्त तपासलं. वर्षभराने पुन्हा तपासलं. भुकेची संप्रेरकं तेव्हाही मूळ पातळीवर आलेली नव्हती. वजन मात्र परत चढायला लागलं होतं.

आता वहीतली लाल शाई पुन्हा बघा. ती आळसाची नोंद नाही.

[दृश्य: सर्जनच्या टेबलावर कोरा कागद. पेन.]

सर्जन चित्र काढून समजावतात. पहिल्या प्रकारात जठर उभं कापतात, पंचाहत्तर ते ऐंशी टक्के भाग काढून टाकतात आणि नळीसारखा भाग ठेवतात. याला स्लीव्ह म्हणतात. घ्रेलिन बनवणारा फुगीर भाग याच कापलेल्या हिश्श्यात जातो, म्हणून भुकेची धार कमी होते. दुसरा प्रकार बायपास. इथे जठराच्या वरच्या टोकाची ३० मिलिलीटरच्या आसपास मावेल एवढी छोटी पिशवी करतात आणि लहान आतडं वळवून थेट तिला जोडतात. अन्न उरलेल्या जठरातून आणि आतड्याच्या सुरुवातीच्या भागातून जातच नाही.

बायपासची कल्पना अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठातले सर्जन एडवर्ड मेसन यांची, १९६६ ची. अल्सरसाठी जठराचा भाग काढलेल्या रुग्णांचं वजन उतरतं आणि पुन्हा चढत नाही, हे दिसत होतं. स्लीव्हची गोष्ट आणखी वेगळी. ती एका मोठ्या ऑपरेशनचा पहिला टप्पा होती. अतिजोखमीच्या रुग्णांचं एवढंच करायचं, थोडं वजन उतरलं की बाकीचं करायचं, असं ठरलेलं असायचं. पण कित्येकांना दुसऱ्या टप्प्याची गरजच पडली नाही.

ताई मध्येच विचारतात, "मला जळजळ होते, मग कुठलं?" सर्जन पेन खाली ठेवतात. प्रश्न महत्त्वाचा आहे. स्लीव्हनंतर आम्लपित्त वाढू शकतं, त्यामुळे ज्यांना मुळात तीव्र त्रास आहे त्यांना सहसा बायपास सुचवतात. उलट बायपासनंतर सांधेदुखीच्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्या लागतात, कारण जोडावर व्रण होऊ शकतो. एंडोस्कोपी केली, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून जठर आतून बघितलं. ताईंची जळजळ सौम्य निघाली. गुडघ्यांसाठी त्या गोळ्या अधूनमधून लागतात. स्लीव्ह ठरली, पण तीन भेटींनंतर.

ऑपरेशनचे निकष कुठले, तेही सांगून टाकू. १९९१ पासून बीएमआय ४०, किंवा ३५ आणि सोबत गंभीर आजार, अशी रेघ होती. २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनांनी ती खाली आणली. ३५ च्या पुढे आजार नसला तरी ऑपरेशन सुचवावं, ३० च्या पुढे मधुमेह असेल तर सुचवावं, आणि आशियाई लोकांसाठी २७.५ पासूनच, कारण या शरीरांत कमी वजनालाही आजार लवकर दिसतात. आठवड्याची इंजेक्शनंही आता आली आहेत, सेमाग्लुटाइड, टिर्झेपाटाइड. ती भूक खरोखर कमी करतात. बंद केली की बहुतेकांचं वजन परत येऊ लागतं. ताईंनी त्यांचीही चौकशी केली, आणि डॉक्टरांनी आढेवेढे न घेता दोन्ही बाजू सांगितल्या. असंच सांगायला हवं.

[दृश्य: मानसोपचारतज्ज्ञांची खोली. ताई खुर्चीत. कॅमेरा स्थिर.]

इथे आम्हाला फक्त दहा मिनिटं चित्रण करू दिलं. प्रश्न साधे आहेत. रात्री उठून खाता का? एकट्या असताना किती खाता? दारू? सिगारेट? घरात कोण सोबतीला आहे? आणि शेवटचा: वजन उतरल्यावर आयुष्यात नेमकं काय बदलेल असं वाटतं?

पुढची चाळीस सेकंदं आम्ही कापलेली नाहीत.

[दृश्य: ताईंचा चेहरा. निवेदन नाही.]

या तपासणीत नापास करायचं नसतं. भूक कमी झाली तरी दुःख झालं की खायची सवय तशीच राहते, ती आधी ओळखायची असते. ताईंना सहा आठवडे समुपदेशन घ्यायला सांगितलं. त्यांना राग आला होता. त्या गेल्या.

[दृश्य: शस्त्रक्रियेच्या खोलीतला पडदा. दुर्बिणीचं चित्र.]

हे यकृत. पडद्यावर वरच्या बाजूला, तपकिरी. जठर याच्या खाली दडलेलं असतं, म्हणून आधी याला वर उचलावं लागतं. चरबीने फुगलेलं यकृत जड असतं, ठिसूळ असतं, उचलताना फाटतं. ताईंनी दोन आठवडे फक्त ठरवून दिलेला कमी उष्मांकाचा, जास्त प्रथिनांचा पातळ आहार घेतला. तो या एका क्षणासाठी. बघा, कडा कशी पातळ झाली आहे. सर्जन समाधानाने मान हलवतात, मास्कमधूनही कळतं.

पोटावर पाच छिद्रं, सगळ्यात मोठं दीड सेंटिमीटरच्या आसपास. आत कार्बन डायऑक्साइड भरून पोट तंबूसारखं वर केलंय, म्हणजे काम करायला जागा होते. भूलतज्ज्ञ तोंडातून एक जाड नळी जठरात सरकवतात. नवं जठर किती रुंद ठेवायचं, त्याचं माप ही नळी. तिला लगटून स्टेपलर लावायचा.

तो दाबला की एकाच वेळी दोन गोष्टी होतात. दोन्ही कडांना टायटॅनियमच्या बारीक पिनांच्या रांगा बसतात आणि मधून पातं फिरतं. आवाज ऐका. दाबून पंधरा सेकंद थांबायचं, पेशींतलं पाणी बाजूला जाऊ द्यायचं, मग कापायचं. घाई केली तर टाका कच्चा राहतो. पिनांचं एक काडतूस संपलं, दुसरं. असं पाच वेळा.

आणि हे बाहेर आलं. ट्रेमध्ये, फिकट गुलाबी, रिकाम्या पिशवीसारखं. परिचारिका ते डब्यात ठेवते. त्यावर ताईंचा नंबर लिहिते.

[दृश्य: रात्रीचा वॉर्ड. लांब मोकळा पॅसेज.]

संध्याकाळी सहा तासांनी ताई उठल्या. एका हाताने सलाइनचा स्टँड, दुसऱ्या हाताने परिचारिकेचा खांदा. पायांच्या शिरांत रक्ताची गाठ होऊन ती फुप्फुसात जाऊ नये म्हणून हे चालणं. उजव्या खांद्यात सणक येते, ती आत भरलेल्या वायूची. चालल्यानेच जाते. पलंगावर परतल्यावर फुप्फुसांच्या व्यायामाचं छोटं यंत्र, आत प्लास्टिकच्या तीन गोळ्या. श्वास ओढायचा, गोळ्या वर न्यायच्या. पहिल्या रात्री एकच गोळी वर गेली. दुसऱ्या रात्री दोन.

तिसऱ्या दिवशी घरी.

जोखीम आहे, आणि ती लपवायची नाही. अनुभवी केंद्रांत मृत्यूचं प्रमाण हजारात एकाच्या आसपास, टाक्यातून गळती शंभरात एकाच्या आसपास. ताप, वाढत जाणारी पोटदुखी, धाप, नाडीचे ठोके १२० च्या वर, यातलं काहीही झालं तर फोन करत बसू नका, थेट रुग्णालयात जा.

[दृश्य: घर. ओट्यावर मिक्सर. चमचे. वाटी.]

पहिले दोन आठवडे पातळ. पुढचे दोन, मिक्सरमधून काढलेलं. मग मऊ. दीड-दोन महिन्यांनी नेहमीचं. रोज निदान ६० ग्रॅम प्रथिनं, म्हणून प्रत्येक घासात आधी प्रथिनं, मग जागा उरली तर बाकीचं. जेवताना पाणी नाही, जेवल्यावर अर्धा तास नाही. दिवसभर मात्र घोट घोट करून दीड लिटरपर्यंत पोचायचं, कारण या काळात लोक पुन्हा रुग्णालयात येतात ते बऱ्याचदा पाणी कमी पडल्यामुळे.

हा पाचव्या आठवड्यातला पहिला मऊ घास. चहाचा चमचा, तोही अर्धा. ताई चावताहेत. अजून चावताहेत. चौथ्या घासाला त्यांनी घाई केली आणि लगेच तोंडात लाळेचा फेस जमला. उठून त्या बेसिनकडे गेल्या. कॅमेरा मागे गेला नाही.

तिसऱ्या आठवड्यात काटा अडला होता. आठ दिवस एक ग्रॅम हलला नाही. ताईंनी वही काढली, लाल पेनही काढलं. आहारतज्ज्ञांनी फोनवर समजावलं की असं बहुतेकांचं होतं, शरीर सावरून घेतंय. नवव्या दिवशी काटा पुन्हा खाली आला. ताईंनी पेन परत ठेवलं.

[दृश्य: कंगवा. केसांचा पुंजका.]

चौथा महिना. केस गळतात. वजन झपाट्याने उतरताना ते घडतं आणि बहुतेकांचे केस पुढच्या काही महिन्यांत परत येतात, प्रथिनं आणि लोह सांभाळलं तर.

[दृश्य: सात खणांची गोळ्यांची डबी.]

यातल्या ब१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या जन्मभराच्या आहेत. रक्त तपासायचं तीन, सहा, बारा महिन्यांनी, मग दरवर्षी. उलट्या थांबतच नसतील तर ब१ जीवनसत्त्व संपतं आणि मज्जातंतूंना कायमची इजा होऊ शकते. गर्भधारणा बारा ते अठरा महिने टाळायची. दारू पटकन चढते. पित्ताशयात खडे होऊ शकतात, सैल कातडी राहते, काहींचं वजन काही वर्षांनी थोडं परत येतं.

स्वीडनमध्ये १९८७ पासून ऑपरेशन केलेल्या आणि न केलेल्या लोकांचा मागोवा घेतला गेला. २००७ च्या अहवालात, साधारण अकरा वर्षांच्या पाठपुराव्यानंतर, ऑपरेशन केलेल्या गटात मृत्यूची जोखीम २९ टक्के कमी दिसली. ताईंच्या भावाला आम्ही हे दाखवलं. तो बराच वेळ कागद धरून होता. मग म्हणाला, "मला कुणी असं सांगितलंच नव्हतं."

[दृश्य: सहावा महिना. तपासणीची खोली. वजनकाटा. ८६.]

इन्सुलिन बंद. रक्तदाबाची एक गोळी शिल्लक. रात्रीचं मास्कचं यंत्र डॉक्टरांनी अजून काढलेलं नाही, झोपेची चाचणी पुन्हा व्हायची आहे.

[दृश्य: रात्रीचं जेवणाचं टेबल.]

सगळ्यांची ताटं उचलली गेली आहेत. ताईंच्या वाटीत अजून दोन चमचे उरलेत. त्या संपवत नाहीत. झाकण ठेवतात, मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावतात आणि भाऊ काहीतरी सांगतोय ते ऐकत बसतात.

[दृश्य: तेच टेबल. गजराचा आवाज.]

आता पाणी.